मधली बिजागरी

गावाचं नाव आंधळगाव, आणि मामाचं दुकान चष्म्यांचं.
हसून घ्या. येणारा प्रत्येक एजंट हसायचा.
मामा त्याला चहा पाजायचा, वर म्हणायचा,
"झालं हसून? मंग काचा दाखवा."

अनुसयाबाई हेडाऊंनी त्या वर्षी तिसरा चष्मा मोडून आणला.
मागावरून उठताना बटव्यात खोचलेला,
चुलीपुढं बसताना आठवला नाही.
काडी एकीकडे, काच एकीकडे.
"इतला लहान करून दे,"
म्हणत त्यांनी सुपारीची डबी काउंटरवर ठेवली.
पितळेची, चेपलेली, झाकणाच्या खाचेत कात.
"याच्यात मावला पायजे. आन सुपारी बी."

मामानं डबी मोजली. चष्मा मोजला.
मग बराच वेळ नुसता अडकित्ता
उघडमीट करत बसला.

काड्यांचं सोपं, त्यांना गुडघे दिले.
पण नाकावर करवत चालवायला हिंमत लागते.
(दोन काचांमधला तो पूल. आमच्या धंद्यात त्याला नाकच म्हणतात.)

मी तेव्हा सातवीत. काम: बॅटरी धरणे.
सायकलच्या तारेची खीळ,
पितळी नळीचे पाच तुकडे, तीन इकडचे, दोन तिकडचे,
प्रत्येक तांदळाएवढा.
एक उडाला की आम्ही दोघं गुडघ्यांवर,
आणि अर्धी दुपार केरात.

पहिली खीळ सैल. मान वाकवली की
चष्मा ताण्याला नमस्कार घालायचा.
दुसरी घट्ट. उघडताना नाकच हातात आलं.
तिसरी सकाळी बरी, दुपारी तापली की अडून बसायची.
"बाप्पा," मामा म्हणाला, "हे तं मानसावानी निंगाली."

नळ्यांच्या मधे काहीतरी हवं होतं.
रबर चिकटलं.
एक्स-रेची फिल्म घसरली.
शेवटी अनुसयाबाईंच्याच अंगणात सापडलं:
फुटका कोसा, पतंग केव्हाच निघून गेलेला,
नखानं वाजवला तर वाजणारा.
पट्ट्याला भोकं पाडायच्या पंचानं
मामानं त्यातून चार चकत्या काढल्या,
मधे सुईचं भोक.
खीळ घातली, दोन्ही टोकं चेपली.

उघडली.
आवाज नाही.
अर्ध्यावर थांबवली, अर्ध्यावर थांबली,
पाऊणवर, पाऊणवर.
बोलावल्याशिवाय पुढं सरकली नाही.
मामानं मला बॅटरी बंद करायला लावली
आणि अंधारात किती वेळ
ती उघडत राहिला, मिटत राहिला, मला मोजता आलं नाही.

आठव्या दिवशी अनुसयाबाई परत.
डबी कमरेला, सुपारी कागदाच्या पुडीत
(सुपारी काही मावली नव्हती).
"चष्मा बेस हाय. पन ताना मोजतो
तं एक धागा जास्त निंगते.
तीनदा मोजलो."

मामा त्यांच्यामागं घरापर्यंत गेला,
मागाच्या खड्ड्यात उतरला,
त्यांच्या जागी बसून तो चष्मा लावला,
त्या वाकवतात तशी मान वाकवली.
आणि गप्पच झाला.
दोन्ही डोळ्यांच्या मधोमध
कोशाच्याच रंगाची, पितळेची,
उभी बारीक रेघ.

काजळ लावलं. त्यांच्याच कोनाड्यातलं,
एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं,
कापसाच्या बोळ्यानं खिळीला.
धागा गेला.
पुढं त्या बाजारात सगळ्यांना सांगायच्या,
"लोकं पोरीले लावतेत, मी चष्म्याले लावतो."

दुसरा तसा मामानं केला नाही.
कारण विचारलं तर म्हणायचा,
दुसऱ्या कोनाचा धागा वाढला तं सांग.

आता तुमसरला माझं दुकान आहे.
घडीचे चष्मे डझनानं येतात,
बिजागरी मशीनवर ठोकलेली.
गिऱ्हाईकासमोर उघडून दाखवतो: खट्.
लोकांना ते खट् आवडतं,
म्हणून मी दोनदा करतो.

अडकित्ता गल्ल्यात असतो.
सुपारी मी खात नाही.