चार पॉइंटातली अक्षरं

वडाळ्याच्या गाळ्यात मी खोकी छापतो.
क्रीमची, फेसवॉशची, कसल्याकसल्या सीरमची.
'सौम्य' हा शब्द आम्ही
चोवीस पॉइंटात घेतो, सोनेरी फॉइलवर.
आत काय आहे ते चार पॉइंटात,
राखाडीवर राखाडी,
खालच्या घडीला, जिथे गोंद लागतो.
एकोणीस वर्षं
रंगावर रंग नीट बसतोय ना, एवढंच पाहिलं.
वाचलं कधी नाही.

परवा शर्वाणी मोरीतून बाहेर आली
ती कपाळावर टूथपेस्टचे सात ठिपके घेऊन.
हनुवटी लिंबाने लाल.
वय अकरा वर्षं, चार महिने.
"मैथिली म्हणते, झोंबलं की समजायचं
काम करतंय."

मी रागवायला तोंड उघडलं
आणि तसंच मिटलं.
हे वाक्य मैथिलीचं नव्हतं.
पाच वर्षांची असताना सायकलवरून पडली,
गुडघ्यावर औषध ओतताना
मीच म्हणालो होतो.

संध्याकाळी दोघं गेलो अँटॉप हिलला,
नफिसाबेनच्या दुकानात.
शर्वाणीने बटा भुवईपर्यंत ओढलेल्या,
काउंटरपासून दोन हात लांब,
जणू औषध माझ्यासाठीच हवंय.
नफिसाबेनने एका मुलाला खोकल्याची बाटली दिली,
तो पायऱ्या उतरेपर्यंत थांबली,
मग हळूच म्हणाली, "ये, उजेडात ये."

मी खिशातून छापखान्याचं भिंग काढलं
आणि फळीवरचं एकेक खोकं उलटं करत गेलो.
दोन माझ्याच मशीनवरची निघाली.
वाचायला बसलो तर जीभ अडखळायची,
ती हसायची, पुढचं सांगायची.

"सुगंध लिहिलंय? परत ठेव.
चेहऱ्याला वास घ्यायचा नाहीये.
अक्रोडाचे दाणे? पोरीचा गाल आहे,
तांब्याचा बंब नाही.
रेटिनॉल मला लागतं, मला सुरकुत्या आहेत.
हिच्याकडे सुरकुतायला अजून आहे काय?
आणि लिंबू, बेटा, वरणावर पिळ."

उरलं ते एवढंच:
वास नसलेला साधा फेसवॉश, दिवसातून दोनदा,
हलकं ग्लिसरीनवालं क्रीम,
शाळेत जाताना झिंकचं सनस्क्रीन.
"झोंबलं तर धुऊन टाक आणि मला येऊन सांग.
आम्लं-बिम्लं डॉक्टरने लिहिली तरच.
दोन महिन्यांत फरक नाही पडला,
किंवा आत दुखरी गाठ आली,
तर सायनला, चामडीच्या ओपीडीत.
रांग असते. बस रांगेत."

बिल झालं माझ्या अंदाजाच्या निम्मं.
सोनेरी फॉइल एकावरही नव्हतं.

परतताना बस स्टॉपवर तिने भिंग मागितलं.
माझ्या पिशवीत कालचा एक रद्द नमुना होता,
त्यावरची बाई, गाल काचेसारखे.
शर्वाणीने भिंग त्या गालावर टेकवलं,
एक डोळा मिटला,
बराच वेळ काही बोलली नाही.
निळे, गुलाबी, पिवळे, काळे.
मला एकोणीस वर्षं माहीत होतं तिथे काय दिसतं.
"बाबा," ती म्हणाली,
"हिचा तर अख्खा चेहराच ठिपक्यांचा."

आमची बस आली, गेली.
ती अजून बाईच्या कपाळापर्यंत पोचली नव्हती.

आता रोज रात्री
क्रीम मटाराएवढं घ्यायचं असतं.
पहिल्या दिवशी तिने फ्रिजमधून खरा मटार काढून
शेजारी ठेवला होता, मापाला.
तीन आठवडे झाले.
हनुवटीची लाली गेली, कपाळावरचे तीन बसले,
नाकाशेजारी एक नवा आलाय.
मला दाखवला तिने. बटा वर करून,
भिंग माझ्या हातात देऊन.
"झोंबतंय का?" मी विचारलं.
"नाही," म्हणाली.
"मग?"
"मग काही नाही. आहे."