ओलाव्याची कपात

आर्वी रोडवरच्या जिनिंगात, काट्याच्या खोलीत,
जिथं एकतीस वर्षं मी गाड्यांच्या पावत्या फाडतो,
त्या टेबलावर सध्या चार देश पसरलेत.
कोपऱ्यांवर वजनं ठेवली आहेत,
दोन किलोचं डेन्मार्कवर, पाचाचं फिनलंडवर,
कारण पंख्याला एकच स्पीड आहे
आणि परवा अख्खा बाल्टिक समुद्र
उडून सरकीच्या ढिगावर पडला.

पुतणी मोनाली ऑर्हूसला असते, पवनचक्क्यांच्या कंपनीत.
एका जुन्या चार सीटच्या विमानात
तिचा सहावा हिस्सा आहे,
आपल्याकडे विहिरीत असतो तसा, पाळीनं.
जूनमधले अठरा दिवस तिच्या पाळीचे.
म्हणाली, काका, तुम्ही तिघं या. रस्ता तुम्हीच आखा.

रस्ता शालिकराम मास्तरनं आखला.
जन्मभर भूगोल शिकवला
आणि वर्धा नदी ओलांडली ती इलेक्शन ड्युटीला.
बारदान शिवायच्या दोऱ्यानं त्यानं अंतरं मोजली:
ऑर्हूस, गोटेबोर्ग, मारिएहाम्न, ओउलू,
मग रोव्हानिएमी, ट्रोम्सो, आणि तिथून खाली
बेटाबेटांवरून, डोंगर डावीकडे ठेवत, बर्गन.
नावं तो हळू उच्चारतो,
वर्गात नवीन आलेल्या पोरांची हजेरी घ्यावी तशी.

वेणूनं एकच प्रश्न विचारला.
"तठी समुद्रात पडलो त पाणी किती थंड राह्यते?"
मोनालीनं खरं सांगितलं.
वेणू बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "तिथं म्हणे दिवस मावळतच नाही."
मी म्हटलं, हो.
म्हणाली, "इथं दिवस मावळते, पण भिंती कुठी मावळते?"
आणि तिनं सुटकेस खाली काढली.

मग वजनाची गोष्ट निघाली.
विमान तीनशे ऐंशी किलो उचलतं,
पेट्रोल, माणसं, पिशव्या, सगळं धरून.
टाक्या भरल्या की एकशे चौदा गेले.
तराफा, जॅकेटं, रबराचे सूट, ऑइलचे डबे: चौतीस.
उरले दोनशे बत्तीस.
मी सगळ्यांना कापसाच्या काट्यावर उभं केलं.
वेणू सत्तावन्न. मी अडुसष्ट. मोनालीनं फोनवर सांगितलं, एकसष्ट.
मास्तर चपला काढून चढला, खिशातला चष्माही काढून ठेवला.
चौऱ्याहत्तर.
पिशव्यांचे वीस मिळवले
तर अठ्ठेचाळीस किलो जास्त.

एवढं म्हणजे जवळजवळ एक माणूस.
कोणता, ते कुणी बोललं नाही.

काट्यावरून न उतरता मास्तर म्हणाला,
"कापसात ओलाव्याची कपात धरतोस ना,
मग माझ्यातूनही धर की थोडी."
मी हसलो, पण पेन्सिल हातात होती.
एकतीस वर्षांत मी कुणाचा काटा मारला नाही,
ना शेतकऱ्याचा, ना शेठचा,
आणि त्या क्षणी मला सत्तरचा आकडा
स्पष्ट दिसत होता, चौऱ्याहत्तरच्या जागी.

रात्री मोनालीचा फोन आला. काका, टाक्या अर्ध्याच्या थोड्या वर भरू,
एकशे पाच लिटर.
टप्पे लहान घेऊ, जास्त वेळा उतरू.
उत्तरेत पेट्रोल सगळीकडे मिळत नाही,
फोन करून विचारावं लागेल, रविवारी कुणी उचलत नाही.
मास्तरनं सगळा दोरा सोडला,
पुन्हा गाठी मारायला बसला,
आठ गावं वाढली म्हणून उलट खूश.

तरीही दहा किलो जास्तच येतात.
वेणू म्हणते, शेंगदाण्याची चटणी मी कमी करणार नाही.
मास्तर संध्याकाळी भाकर दीडच खातो,
दोनदा येऊन काट्यावर चढतो, काही न बोलता.
जून लांब आहे.

आज तुरीची गाडी आली. भरल्या गाडीचं वजन झालं,
टेबलाशी गाडीवान उभा, हातात बैलांचा कासरा.
नकाशाकडे बघत म्हणाला,
"भाऊ, हे जरासं सरकवता काय? पावती फाडाची हाय."
मी नॉर्वे सरकवला.