पऱ्हाटी पेटवली तेव्हा

उन्हाळवाहीच्या आधी धुऱ्यावर गंजी रचली होती,
पऱ्हाटीची, छातीएवढी.
काडी मीच लावली.
मी, बोरगव्हाणच्या मंदिराचा तिसऱ्या पिढीतला विश्वस्त,
दिवेलागणीच्या आत जेवणारा,
बटाट्यालाही न शिवणारा.

सोमा मडावी ओरडला,
"बापूजी, आत जोडं हाय जी!"
तोवर वारा फिरला होता.

त्यानं बांबूनं उपसून काढलं.
एक निपचित.
दुसरं अजून वळत होतं
पहिल्याच्या अंगावर.

पुढचं सगळं मला पाठ होतं.
तापसाची धुनी, फोडलेला ओंडका,
अर्धी जळालेली नाग-नागीण,
आणि काशीचा राजकुमार वाकून
त्यांच्या कानात मंत्र सांगतोय.
(सापाला कान नसतात, असं पाठशाळेत सुपार्श्व म्हणाला होता.
पंडितजी म्हणाले, मरणाऱ्याला लागत नाहीत.)
तेवढ्यावर एक धरणेंद्र झाला, एक पद्मावती,
आणि पुढे त्याच राजकुमारावर
मुसळधार कोसळली तेव्हा
फणा धरून उभे राहिले.

मीही वाकलो.
पहिलं पद म्हणालो. दुसरं.
तिसऱ्याला घशात धूर गेला
आणि कळलं, या गोष्टीत मी कोण ते.
वाकलेला नव्हे.
धुनीवाला.

सोमानं खड्डा करून दोघांना एकत्र झाकलं,
वर पळसाचं पान, पानावर दगड.
म्हणाला, "हात धुवा जी."

शुक्रवारी राजुलवहिनींनी पद्मावतीला
हिरवं लुगडं नेसवलं,
कोपरापर्यंत बांगड्या, ओटीत खोबऱ्याची वाटी.
तिच्या मुकुटात बसलेले बोटभर पार्श्वनाथ
तेवढे उघडे, नेहमीसारखे.
कुणी लेकीचं जमावं म्हणत होतं,
कुणी तारीख लागावी अकोल्याच्या कोर्टात.
मी फणे मोजले. पोरवयापासून मोजतो.
मधल्याचा टवका उडालाय.
पुसावं म्हणून फण्यांच्या मागे हात घातला,
बोटांना काजळी आली.
समईची असेल.
समईचीच.

काल सोमानं विचारलं,
खालच्या वावरातली गंजी कधी पेटवाची?
म्हटलं, राहू दे, पावसात सडेल आपोआप.
त्यानं तंबाखू मळली, झाडली,
गंजीकडे बघत म्हणाला,
"सडली तं बोंडअळी येईन, बापूजी.
मंग तिले फवारा मारसान."