घोडा कुशीवर पडला तर

घोड्यावरून पडून माझी मांडी मोडली
आणि त्याच आठवड्यात शाळेच्या वसतिगृहाने
माझ्या भाच्याला घरी परत धाडलं.
चिठ्ठीत एकच ओळ:
तुगुल्दुर बसत नाही.

नार्मंदख, माझी बहीण, चिठ्ठी चुलीत घालून म्हणाली,
तुला उठता येत नाही, याला बसता येत नाही,
तुमचं तुम्ही बघा.
आणि याक हाकायला निघून गेली.

मी खाटेखालून पट काढला.
हा राजा. हा बेर्स, वाघासारखा, कुठेही झेपावणारा.
ही गाडी, सरळ जाते. हा उंट, तिरपा.
आणि ही आठ, पुढची,
यांना आमच्यात पोरं म्हणतात.
पोरं? म्हणाला, आणि तोवर चुलीपलीकडे होता,
गोवऱ्यांच्या टोपलीत एक पाय,
खारट चहाचं भांडं कलंडलेलं.

ओरडून पाहिलं. शेवया देतो म्हणून पाहिलं.
मग सोडून दिलं:
खेळी कर, चुलीला एक फेरा मार, परत ये.
आमचं घर गोल.
पळून पळून जातो कुठे?

पहिली चाल आमच्याकडे ठरलेली असते.
बेर्सपुढचं पोर धावत दोन घरं जातं,
बाकीच्यांनी एकेकच जायचं.
हे त्याला पटलं.
तो मी, म्हणाला.

घोडा मात्र त्याला फार आवडला.
अडीच घरं, मधल्यांच्या डोक्यावरून!
पाचव्या दिवशी घोड्याने माझा राजा कोंडला
आणि मला सांगावं लागलं,
घोड्याने मात करायची नाही.
का?
नाही म्हणजे नाही. जुना नियम आहे.
का पण?
मी प्लास्टरकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं.
चाळीस वर्षं खेळतोय, कधी विचारलं नव्हतं.

तो घोडा घेऊन बाहेर गेला.
उणे तीस. टोपी न घालता.
परत आला तेव्हा हात रिकामे.
सोडला त्याला, म्हणाला.

घोड्याच्या घरात मग मेंढीच्या घोट्याचं हाड आलं,
आम्ही फासे म्हणून टाकतो ते.
त्याच्या चार कुशी: मेंढी, शेळी, घोडा, उंट.
घोडा वर ठेवायचा तर बोटं थांबवावी लागतात,
श्वाससुद्धा.
पहिल्यांदा पाहिलं मी,
त्याची जीभ दातांत धरलेली,
आणि सगळं अंग त्या एवढ्याशा हाडावर टेकलेलं.
फेरा मारायचा विसरला.
मी आठवण केली नाही.

त्या रात्री त्याने गाडीने शह दिला,
मी राजा सरकवला,
त्याने हाडाला टिचकी मारली.
घोडा कुशीवर पडला.
उंट झाला, म्हणाला. तिरपा जातो. मात.

असं चालत नाही, मी म्हणालो.
का?
बहीण दूध गाळता गाळता थांबली,
माझ्याकडे पाहत राहिली, तीही उत्तरासाठी.

बर्फ वितळलं तेव्हा कुत्र्याने
तो लाकडी घोडा आणून दाराशी टाकला,
एक कान कुरतडलेला.
मी काठीवर रेलून धुतला, पुसला, पटावर ठेवला.
तुगुल्दुरने उचलून माझ्या तळहातात परत दिला.
हा नको, म्हणाला,
हा नुसता घोडाच आहे.
आणि गेला धावत.