एक काना

तार्तू शहरात डिसेंबरात साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
विर्वे रॅत्सेप दिवा लावते, चष्मा पुसते
आणि उघडते ते पान
ज्याच्यापायी दोन माणसं
अकरा आठवडे झोपलेली नाहीत.

पान तरी केवढं? सात ओळींचं.
लेपासिल्ला नावाचं गाव, वस्ती एकशे चार,
एक बंद पडलेली डेअरी,
एक लाकडी पूल, जो आता नाही.
भांडण त्या पुलाचं.

'करडा-बगळा' लिहितो : पूल जळला.
'तिसरी-चावी' लिहिते : पूल जाळला.
(बाई की बुवा, कुणाला ठाऊक;
चावी म्हणून आपलं 'लिहिते'.)
मराठीत सांगायचं तर एका कान्याचं भांडण.
त्यांच्या भाषेत क्रियापदाचं शेपूट
जरा लांब होतं, इतकंच.

रात्री दोन वाजून सहा मिनिटं : जाळला.
दोन वाजून सात : जळला.
दोन वाजून सात : जाळला.
खरा पूल एकदाच पेटला होता.

विर्वेने छत्तीस वर्षं
रेल्वेची वेळापत्रकं तपासली.
एक आकडा चुकून छापला गेला
की कुठल्यातरी फलाटावर कुणीतरी
बर्फात उभं राहतं
आणि गाडी वेळेवर गेलेली असते.
म्हणून असेल,
क्षुल्लक गोष्टीवर भांडणाऱ्यांना ती हसत नाही.

तिने पानाला कुलूप घातलं, दहा दिवसांचं.
दोघांना एकच प्रश्न विचारला :
कशावरून?

बगळ्याने कात्रण धाडलं, चव्वेचाळीस सालचं.
'पूल जळून खाक.' पुढे हवामान.
त्या शरद ऋतूत
वाक्यात कर्ता लिहिणं कुणाला परवडत नव्हतं.

चावीने धाडला दुकानाच्या उधारीच्या वहीचा फोटो.
'रॉकेल, दोन डबे, पुलाकडे नेले. पैसे बाकी.'
सही होती तिथे ओल चढलेली.

मग पुन्हा जुंपली.
किराण्याची वही हा काय पुरावा झाला?
तुमचं कात्रण भित्रं आहे.
भित्रं कुणाला म्हणता?
विर्वे लिहीत राहिली : माणसाबद्दल नको,
वाक्याबद्दल बोला.
नऊ वेळा लिहिलं.
नवव्यांदाही 'कृपया' गाळलं नाही.

शेवटी तिने स्वतःच वाक्य मांडलं :
सप्टेंबर १९४४ मध्ये पूल आगीत नष्ट झाला.
वृत्तपत्राने कारण दिलेलं नाही;
दुकानाच्या वहीत रॉकेलची नोंद आहे.

बगळ्याने होकार दिला नाही. नकारही दिला नाही.
चावीने एक स्वल्पविराम हलवला.
तेवढ्यावर विर्वेने कुलूप काढलं
आणि राईच्या पावाला लोणी लावायला उठली.

पुढल्या मार्चात
तिसरी-चावीच्या नोंदी थांबल्या.
शेवटची होती शेवाळाच्या एका जातीवर,
एक जोडाक्षर सुधारलेलं.
इथे कुणी गेलं तर वर्दी येत नाही.
फक्त यादी पुढे सरकत नाही.

ऑक्टोबरात कुणी नवखा आला.
वहीचं वाक्य उडवलं त्याने :
'रॉकेलची उधारी? हा काय विनोद?'

चार मिनिटांत वाक्य जागेवर होतं.
परत ठेवणारा : करडा-बगळा.
बदलाचं कारण म्हणून त्या अरुंद चौकटीत त्याने लिहिलेलं :
'वही मी जाऊन पाहिली आहे.
तिसरी-चावी यांचं वाचन बरोबर आहे.
पूल जाळला त्याच दिवसाची नोंद आहे ती.'

विर्वेने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
पानावर अजून तसंच आहे, आगीत नष्ट झाला.
तिथला शब्द उद्या कुणीही बदलेल.
कारणाच्या चौकटीत लिहिलेलं मात्र
लिहिणाऱ्यालाही मागाहून खोडता येत नाही.

घाईत बोट घसरलं असेल.
नसेलही.
तिने स्क्रीनजवळ जाऊन पाहिलं.
काना होता.