डावी मूठ

पातं तयार होऊन आठ दिवस झाले.
मोठ्या करवतीचं जुनं पोलाद, तीन बोटं लांब,
धार एकाच अंगाने, आणि तीही उलट्या,
कारण बेडगच्या रत्नमाला चौगुले डावखुऱ्या,
आणि सोळा वर्षं उजव्यांच्या चाकूने
द्राक्षाची कलमं भरत आल्या.
"मनगट रात्री बोलतं," एवढंच म्हणाल्या.

मूठ कशाची, ते राहिलं होतं.

मी आधी शिंग काढलं. म्हशीचं, काळंभोर,
घामात न घसरणारं.
त्यांनी हात पदराखाली घेतला.
"शिंग नको. हाड नको. आमच्यात चालत नाही."
सरसाचं भांडं मी आपण होऊन मागे सरकवलं.
शिसवाची चकाकी दाखवली, तर
नखाने खरवडून म्हणाल्या,
"ही लाख ना? म्हणजे किडेच की."

मिरजेत इतकी वर्षं आम्ही तंबोऱ्यांना लाख चढवतोय,
हे कुणी विचारलं नव्हतं.
दस्तगीरचाचा भोपळा कोरत होते, थांबले.
"बरोबर बोलतायत बाई,"
आणि परत कोरू लागले.

आडनाव शिकलगार. वाडवडील तलवारी उजळायचे,
पुढे घर सतारीकडे वळलं,
मी तेवढा परत पोलादाकडे.
चाचा याला उतरणीचा रस्ता म्हणतात.

अराल्डाइट चालेल का? त्यांनी दोन्ही नळ्या
उलटसुलट वाचल्या.
हिरवा ठिपका नव्हता, लालही नव्हता.
"चालेल," जरा वेळाने.

सागवान पाणी पितं. बाभूळ चिवट,
पण सुकताना रुसते, आणि कुठे रुसली ते सांगत नाही.
तूण, ज्याची सतार होते, नखाने दबतं.
आवाजाचं लाकूड वेगळं, पकडीचं वेगळं:
एकाने थरथरायचं असतं, दुसऱ्याने मुळीच नाही.

दुसऱ्या खेपेला त्यांनी पिशवीतून खोड काढलं.
अठरा वर्षांची थॉमसनची बाग, उन्हाळ्यात मोडली.
"यातली होईल?"
पीळ पडलेलं, सालीच्या दोऱ्या सुटलेल्या,
होणार नाही हे दिसत होतं.
मी हो म्हणालो.
त्या गेल्यावर चाचांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

सावलीत सुकवलं, जवसाचं तेल पाजलं.
पिनेचं भोक पाडताना
असं उकललं, जशी कुणी आतून कडी काढली.

फोन केला. पलीकडे फवारणीचा पंप.
"वाटलंच होतं मला," ओरडून म्हणाल्या,
"वेल ती. आधारावर वाढलेली.
तिच्याकडे कसला जोर मागायचा?"

त्या रात्री तुटक्या खुंट्यांचा डबा उपडा केला.
एक जाड होती, तंबोऱ्याची, अस्सल शिसव,
टोकाला चिरलेली,
कुणाच्या तरी अंगठ्याने पिळून पिळून
लाखेच्या आतपर्यंत झिजलेली.
उरलीसुरली लाख घासून काढली,
उभी चिरली, दोन फाळ्या झाल्या.

कलमात खालच्या रानटी रोपाला खुंट म्हणतात,
गोड जात त्याच्या डोक्यावर बसते.
शब्द जुळला म्हणून लाकूड घेतलं असं नाही.
जुळला, ते बरं वाटलं.

पहिल्या दिवशीच शाडूचा गोळा
त्यांच्या मुठीत दाबून घेतला होता.
चार बोटांचे खड्डे,
आणि तळव्यात एक जुना काप, तोही उमटलेला.
तो गोळा समोर ठेवून
तीन संध्याकाळी कानस चालवली.

रविवारी आल्या. चाकू डाव्या हातात घेतला,
नसलेली एक काडी हवेत छाटली.
चेहऱ्यावर काही आलं नाही.
चाचांनी पॉलिशकागद खाली ठेवला.

"करंगळीपाशी एक सूत जास्त आहे."

एक सूत नव्हतं. अर्धं असेल.
मी कानस उचलली.