दहा वाजून दहा

पहाटे चारला बादलीतलं पाणी गोठलेलं.
बोटाने टकटक केली, बादली घट्ट बोलली.
रात्र उघडी गेली म्हणायची,
चांदण्यांनी जमिनीची सगळी ऊब वर ओढून घेतली.
उतार निदान नऊपर्यंत शब्द पाळेल.

आई कुब्दारी फडक्यात बांधते. कुठे, ते विचारत नाही.
विचारते, "परत किती वाजता?"
बिमुर्झामामा गेल्यापासून
आमच्या घरात एवढाच प्रश्न उरलाय.

पाहुणे तिघे: लिंझचा एक दंतवैद्य, त्याची मेहुणी,
आणि एक पोरगा, स्की कोऱ्या, ओठांना पांढरं मलम.
दारातच एकेकाच्या छातीवरचं यंत्र तपासते.
बीप. बीप. बीप.
बाहेरून ऐकू येणारी तीन छोटी काळजं.
फावडं? आहे. सळई? आहे.
जोडून दाखव.
आत्ता?
आत्ता.
बर्फाखालची पंधरा मिनिटं किती लांब असतात
हे मी सांगत नाही. फक्त घड्याळ लावते.

स्वानेतीत एप्रिल असा येतो:
खाली दगडी बुरुजांच्या पायाशी चिखल,
वर स्कीखालची कातडी करकरते काचेवर चालल्यासारखी.
सातला उन्हं पूर्वेच्या अंगाला लागली.
माझं नाव म्झेकाला. नावातच सूर्य आहे.
पण या दिवसांत मी त्याच्याशी भाऊबंदासारखी वागते,
तोंडावर नमस्कार, आणि डोळा हद्दीवर.

छातीएवढा खड्डा खणला.
वर परवाचं, ओलसर.
मग वाऱ्याने थापलेलं, खडूसारखं.
एक तपकिरी रेघ, कुठल्याशा वाळवंटाची धूळ, फेब्रुवारीतली.
आणि तळाशी बोट लावताच भुरभुरणारा कोरडा रवा,
मुठीत कधीच न बांधला जाणारा.
जानेवारीची थंडी. डोंगराने पोटात ठेवलेली.
मनगटातून दहा थापा. काही नाही.
कोपरातून तिसऱ्या थापेला
अख्खा चौकोन पुढे सरकला, खण ओढावा तसा,
आवाज न करता.
दंतवैद्य म्हणाला, "सुबक!"
तो शब्द मला दिवसभर टोचत राहिला.

मोठा उतार सोडला, धारेने निघालो.
नऊ चाळीसला बूट टाचेपर्यंत.
नऊ पंचावन्नला घोट्यापर्यंत.
खडकांखालून बर्फाचे गोळे सुटू लागले,
स्वतःला गुंडाळत, मागे एकेक रेघ सोडत.
पाझर फुटला की माणसांना बरं वाटतं.

दहा वाजून दहा. "परत."
पोरगा म्हणाला, "पण माथा तर हा काय, समोर!"
माथे नेहमी समोरच असतात.

तीस वर्षं मामाचा अंदाज चुकला नाही, असं गाव म्हणायचं.
तीस वर्षं डोंगराने त्याला सांगितलं नव्हतं, एवढंच.
आम्ही सळईने शोधला. दगड लागला की हाताला वेगळं कळतं,
माती लागली की वेगळं.
तिसरं काही लागलं, तर हात
डोळ्यांच्या आधी खाली बसतो.

उतरताना एकेक जण, बर्चच्या ओळीला धरून.
एक उतरेपर्यंत बाकीच्यांनी फक्त त्याच्याकडे बघायचं,
फोटो नाही, पाणी नाही, बोलणं नाही.
बाराच्या आत अंगणात. आईने घड्याळाकडे बघितलं,
मग माझ्याकडे, मग पिठाकडे.

संध्याकाळी पोरगा ओसरीवर बसून होता.
उतार जागच्या जागी, गुलाबी, गुळगुळीत,
कुणी हात न लावलेला.
"काहीच झालं नाही," तो म्हणाला.
"नाही झालं."
मी बरोबर होते का? ते विचारायला
ज्याच्याकडे जायचं, तो उत्तर एकाच तऱ्हेने देतो.
मी त्याच्या बशीत अजून एक तुकडा वाढला.

रात्री ढग आले.
पहाटे चारला बोट लावलं, तर बादलीतलं पाणी हललं.
पाहुण्यांना झोपू दिलं.